भिंतीवरच्या तीन गोवऱ्या

माझ्या सासूबाईंचं माहेर मी एकदा चुलीत घातलं, त्यावर पाणी तापवलं आणि त्या पाण्याने आंघोळ केली. पाणी छान तापलं होतं. मी दोन तांबे जास्तच घेतले आणि मग केस वाळवत उन्हात बसले, हे आधीच कबूल केलेलं बरं.

लग्नाला तेव्हा नऊ महिने झाले होते. मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, आणि घरात झाड म्हणाल तर डालड्याच्या डब्यातली एक तुळस. मला दिली मारेगावजवळच्या एका खेड्यात. नवरा मारेगावला कारकून, सकाळी डबा घेऊन एसटीने जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरी सासूबाई, मामंजी आणि कापूस. कापूस हे मी माणसांत धरते, कारण मी यायच्या आधीपासून समोरची खोली त्यानेच अडवली होती. भाव येईल, भाव येईल म्हणत तो आढ्यापर्यंत रचून ठेवलेला, आणि भाव काही येत नव्हता. खोलीशेजारून गेलं तरी अंगाला खाज सुटायची. पाहुणा आला की त्याला ओसरीवरच बसवायचं. मामंजीही तिथेच, त्या खोलीच्या दाराशी बसून असायचे. पूर्वी फार बोलके होते म्हणे. मी आले तेव्हापासून हां आणि नाही एवढंच ऐकलं होतं, आणि त्यातही नाही जास्त.

तर त्या सकाळी पऱ्हाट्या दवाने ओल्या झाल्या होत्या. कापूस वेचून झाला की झाडं उपटून वाळवतात, त्या पऱ्हाट्या. आमच्याकडे जळण तेच आणि कुंपणही तेच. चूल नुसती धूर ओकत होती. मला राग फार लवकर येतो, आणि राग आला की मी समोर दिसेल ते उचलते. गोठ्याच्या आतल्या भिंतीला, हाताला येतील अशा, तीन गोवऱ्या चिकटवलेल्या दिसल्या. बाहेर गोवऱ्यांचा एवढा ढीग असताना या तीनच आत का, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. मी खरवडून काढल्या आणि चुलीत सारल्या. मध्येच आत तडतड झाली, पण मला वाटलं शेणात ज्वारी राहिली असेल.

दोन दिवसांनी सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, "आता मिरग लागेपर्यंत बाजाराची भाजी बंद. परसातलंच खायचं. शिवरात झाली का बी टाकू."

मला आनंदच झाला. माती, वाफे, पाणी घालणं हे सगळं मी शाळेच्या पुस्तकात चित्रात पाहिलेलं होतं. मी उत्साहाने मान डोलावली.

"गोठ्यातल्या भितीवरच्या गोवऱ्या पाहून ये वं," त्या म्हणाल्या. "उंदरानं कुरतडल्या का काय. दोडक्याचं बी हाय त्याच्यात."

"बी? गोवरीत?"

"मंग कुठी ठेवतात तुमच्या यवतमाळात? बँकेत?"

बी शेणात थापून भिंतीला लावलं की त्याला कीड लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते, तेव्हा त्यांनी ते थापलं होतं. आणि हे बी साधं नव्हतं. "माह्या मायचं बी हाय," सासूबाई म्हणाल्या. "फुलसावंगीहून लग्नात पदराले बांधून आनलं. माय गेली. भाऊ आता बलावत नाई. हा दोडका हाय तव्हरोक माहं माहेर हाय."

मी गोठ्यात गेले. भिंतीवर तीन गोल डाग होते. मी त्या डागांकडे बराच वेळ पाहिलं. परत येऊन म्हणाले, "चांगल्या आहेत, आई."

एवढं एक वाक्य. पुढचे वीस दिवस मी त्या वाक्याची वेठबिगारी केली.

पहिलं काम म्हणजे भिंत लपवणं. त्याच दुपारी मी अंगणातल्या पऱ्हाट्यांचे भारे वाहून त्या भिंतीला लावून ठेवले. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "आज लय काम करून राह्यली," एवढंच म्हणाल्या. दुसरं काम म्हणजे वेळ काढणं. पेरणी पुढे गेली तर काहीतरी सुचेल अशी आशा होती, कारण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि माझ्यापाशी तर गाढवही नव्हतं.

म्हणून मी परसबागेची तयारी जितक्या जोरात करायची तितक्याच जोरात बिघडवायला लागले. सकाळी कुदळ घेऊन सासूबाईंबरोबर माती फोडायची, ढेकळं निवडायची, शेणखत पसरायचं. दुपारी त्या लवंडल्या की खुराड्याचं दार उघडून कोंबड्या वाफ्यात सोडायच्या. कोंबड्या मन लावून वाफा उकरायच्या. संध्याकाळी सासूबाई कपाळाला हात लावायच्या, आणि त्यांच्याहून मोठ्याने मी हात लावायचे. कुदळ एकदा आपोआप हरवली. ती सापडायला दोन दिवस लागले, तेही मला ती कुठे ठेवली ते आठवेना म्हणून.

मग मी मातीपरीक्षण काढलं. "आई, पेरायच्या आधी माती तपासून घ्यावी म्हणतात," मी म्हणाले. माझा चेहरा कचेरीतल्या माणसासारखा गंभीर होता. आमच्या घरात तो पिढीजात आहे. आश्चर्य म्हणजे त्या लगेच तयार झाल्या. मी परसातली माती पिशवीत भरून नवऱ्याच्या डब्याखाली ठेवली. बिचारा चार दिवस ती माती मारेगावला नेत होता आणि परत आणत होता, कारण कोणाला द्यायची हे मी त्याला सांगितलं नव्हतं आणि विचारायची त्याची पद्धत नव्हती. सासूबाई रोज दिवेलागणीला विचारायच्या, "काय वं, पास झाली का माती?"

चौथ्या दिवशी मी म्हटलं, झाली.

तोवर मला बाजारातलं बी मिळवायचं होतं. माहेरी जायचं निमित्त काढून वाटेत मारेगावला एका बियाण्याच्या दुकानात शिरले. दुकानभर कापसाच्या बियाण्याची चित्रं, प्रत्येक चित्रात पांढरीशुभ्र बोंडं आणि हसणारा शेतकरी. दोडक्याचं बी मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सोन्याच्या दुकानात चिंच मागितली. शेवटी कोपऱ्यातून एक पाकीट काढून दिलं. घरी येऊन फोडलं तर आतलं बी गडद गुलाबी. किडीचं औषध चोळलेलं असतं त्याला. गावठी दोडक्याचं बी काळं असतं हे एव्हाना मला माहीत झालं होतं. मी न्हाणीत बसून ते बी सोड्याने घासलं. बी फिकट गुलाबी झालं, माझे दोन्ही हात राणी रंगाचे झाले.

सासूबाईंनी हात पाहिले. "होळी कव्हा हाय वं?"

"पंधरा दिवस आहेत, आई."

"मंग ठीक हाय. म्हनलं, माहीच चुकली का काय."

दोन दिवस त्यांनी मला पिठाला हात लावू दिला नाही. ते बी मी खड्डा करून पुरलं, आणि खरं तर रंगामुळे नव्हे. पाकिटावरचा दोडका हातभर लांब होता. सासूबाईंचा दोडका वीतभर, बुटका, पोटात फुगीर, असा त्यांनीच दहादा सांगितला होता. वेलीला फळ धरलं की मी पकडली जाणार होते. त्या रात्री मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. माझ्या अब्रूची होतीच, पण त्याहून दुसरीच होती. या बाईला मी आता काय परत देणार होते? तिच्याकडे आईचा फोटोसुद्धा नव्हता.

आणि मग दोडका दिसला तो कुंपणापलीकडे.

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या, सासूबाईंच्याच वयाच्या. दोघी पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण कुंपण. दरवर्षी वाफे धरायच्या वेळी जुनं कुंपण काढून नव्या पऱ्हाट्यांचं घालतात, आणि जी घालते तिच्या बाजूला दर खेपेला चार बोटं जमीन येते. एका वर्षी चार बोटांची वीत झाली आणि बोलणं थांबलं. बोलणं थांबलं म्हणजे समोरासमोरचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्या परसात कोंबडीला बोलायचं आणि शेजारणीला लागायचं. "खा माय, लोकाईच्या वाफ्यातलं खा, तुले लाज हाय कुठी," असं सासूबाई आपल्याच कोंबडीला सांगत असल्या की पलीकडे भांडी जोरात आपटायची.

तर मी कुंपणाला पऱ्हाट्या खोचत असताना काकूंच्या मागच्या पडवीच्या वाशाला तीन वाळके दोडके टांगलेले दिसले. बियांसाठी ठेवलेले. वीतभर, बुटके, पोटात फुगीर.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव आडवं झालं असताना, मी कुंपणाला भोक पाडून पलीकडे गेले. पडवीखाली खताचा उकिरडा होता. वरून वाळलेला दिसत होता. मी दोडक्यावर नजर ठेवून पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. तो पाय काढायला म्हणून दुसरा रोवला, तर तोही गेला.

"कोन हाय?" काकू दारात आल्या.

"मी."

"मी कोन?"

"शेजारची."

"शेजारची सून माह्या उकिरड्यात काय करून राह्यली?"

उकिरड्यात उभं राहून खोटं बोलायला फार हुशारी लागते. मी सगळं सांगितलं. चूल, गोवऱ्या, आंघोळ, फुलसावंगी. सांगता सांगता मला रडू आलं. काकू उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या.

"तिन्ही जाळल्या?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही."

"पानी तं चांगलं तापलं असन."

मग त्या उठल्या आणि पडवीत वर बघून म्हणाल्या, "हा तिचाच दोडका हाय. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या साली तिच्या मांडवावरून म्या तोडला होता. चोरून."

"मग मला एक द्या ना, काकू."

"देत नसतात बी. देल्लं बी रुसते. चोरून नेलं तं धरते." त्या वळल्या, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि सुपात तुरीची डाळ निवडायला घेतली. "ने चोरून. म्या नाई पाह्यलं."

मी कशीबशी बाहेर निघाले आणि वाशाकडे हात केला.

"वरचा नको," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "किडला तो. खालचा घे."

"हात पुरत नाही, काकू."

"मंग तो गोटा घे पायाखाली. चोराले मीच उचलून धरू का आता?"

मी दोडका तोडला. आत बी खुळखुळत होतं. भोकातून परत शिरणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आयक. कुंपनावर कडू दोडकीची जंगली वेल हाय पाच वर्षांपासून. तिचं वारं लागलं असन तं मले सांगता येत नाई. कडू निंगला तं तो तिच्या मायचा नोय, एवढं समज."

ही नवी टांगती तलवार घेऊन मी घरी आले.

आता गोवऱ्या बनवायच्या. सासूबाईंच्या उजव्या हाताचं अनामिकेचं पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं होतं. त्यामुळे त्यांनी थापलेल्या गोवरीवर तीन बोटं पूर्ण आणि एक अर्धं उठायचं. गावात कोणाचीही गोवरी कोणाची हे बायका ठशावरून ओळखतात, हेही मला नुकतंच कळलं होतं. मी गोठ्यात बसून ताज्या शेणात बी कालवलं आणि अनामिका दुमडून थापायला लागले. बोट दुमडून गोवरी थापून पाहा एकदा. मधलं बोट आपोआप दुमडतं, करंगळी उभी राहते, आणि ठसा कोंबडीच्या पायासारखा उठतो. सात गोवऱ्या मोडल्यावर तीन जमल्या. त्या मी आठ दिवस उन्हात फिरवल्या, चुलीच्या धुरात धरून काळ्या केल्या आणि भारे बाजूला करून जुन्या डागांवर चिकटवल्या.

होळी झाली. वाफे तयार होते, मोरीच्या पाण्याचा पाट ओढला होता, मांडवासाठी बांबू रोवले होते. सासूबाई गोठ्यात गेल्या आणि तिन्ही गोवऱ्या काढून आणल्या. एक हातात घेऊन वास घेतला. उलटीपालटी केली. मी श्वास धरून राख पसरत होते.

"यंदाचं शेण लय चिवट हाय," त्या म्हणाल्या. "इतके महिने झाले, अजून वास जाऊन नाई राह्यला."

"पाऊस जास्त झाला ना, आई, या वर्षी."

"हाव. गोठ्यात लय पाऊस झाला."

त्यांनी गोवऱ्या फोडल्या, एकेक बी निवडलं आणि मांडवाच्या खांबांशी दोन दोन करून टोचलं. सहाव्या-सातव्या दिवशी मातीतून जाड पानं वर आली. मला इतका आनंद झाला की मी कोंबड्यांना शिव्या घालत वाफ्याची राखण करायला लागले. महिन्यापूर्वी त्यांना मीच आत सोडत होते, त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या. वेल मांडवावर चढली. संध्याकाळी पिवळी फुलं उघडायची, आणि सासूबाई रोज त्या वेळेला मांडवाखाली जाऊन बसायच्या. मी घरातून त्यांची पाठ बघायचे. कडू निघाला तर काय, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

उन्हं चांगलीच तापली होती तेव्हा पहिला दोडका तयार झाला. वीतभर आणि बुटका, पण दिसण्यावर काय असतं? जंगली वारं आतून लागतं. सासूबाईंनी तो तोडला, विळ्याने देठाकडची चकती कापली आणि जिभेला लावली. मग डोळे मिटले. मी मांडवाचा बांबू धरून उभी होते.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "माय हाय माही."

त्या तिथेच वाफ्याच्या वरंब्यावर बसल्या आणि ती चकती चावत राहिल्या. मला राहवलं नाही. "आई," मी म्हणाले, "त्या गोवऱ्या मी जाळल्या होत्या."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"बी तडतडलं तव्हापासून. सयंपाकघरात आयकू येते चूल." आणि मग म्हणाल्या, "अन् बोट उजव्या हाताचं तुटलं माहं. तू थापल्या डाव्या हातानं. मले वाटलं, माहं अजून एक बोट तुटलं का काय."

मी उजव्या हातात शेण धरलं होतं आणि थापलं डाव्याने, हे खरं होतं. मी हसले नाही. "मग तुम्ही बोलल्या का नाही?"

त्यांनी दोडका मांडीवर ठेवला. "काय बोलू? त्या दिवशी लय रडली मी. न्हानीत जाऊन रडली. मनात पक्कं केलं होतं, होळी झाली का पोराले सांगतो, हिले यवतमाळले नेऊन सोड. हे घर हिच्यासाठी नाई." त्या माझ्याकडे न पाहता सांगत होत्या. "मंग तू माती पाठवली कचेरीत. मंग हात रंगवून आली. म्हनलं, पाहू तं खरं काय करते. अन् मंग एक दिवस कुंपनातून पाह्यलं, तं तू तिच्या उकिरड्यात, गुडघ्यापर्यंत. मले असं हसू आलं का पदर तोंडात कोंबा लागला. ओसरीवर येऊन बसली तरी थांबे ना. तुहे मामंजी म्हनते, काय झालं? त्याहिले सगळं सांगतलं, पह्यल्यापासून. तं तेही हसले. लय हसले, डोयाले पानी येईपर्यंत. कापूस घरात पडला तव्हापासून म्या त्या मानसाचं हसू आयकलं नोतं."

पलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबलेला होता.

"हसून झाल्यावर त्याहिनंच म्हनलं," सासूबाई म्हणाल्या, "बी गेलं तं गेलं. पोरगी राहू दे."

त्या दुपारी मी मामंजींना दोडक्याची भाजी तीनदा वाढली. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.